सातव्या बोअरची दुसरी बाजू

१

डायरेक्टरांनी टेबलावर दोन रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवले, त्यांच्यामध्ये काचेची एक छोटी बाटली ठेवली आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पिवळी पूड होती. ती कसली, हे समोर बसलेल्या वहिनींना विचारावं लागलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य खडकातलं सोनं शोधण्यात गेलं होतं.

रिपोर्ट वाचताना मात्र त्यांच्या कपाळावर आठी चढली. कंपनी या डोंगरउतारावर बोअर मारत होती. यंत्राने खोल भोक पाडायचं आणि आतला खडक गोल दांड्यासारखा सलग बाहेर काढायचा. या दांड्याला सगळे कोअर म्हणत. तो करवतीने उभा चिरायचा, एक अर्धा लॅबला पाठवायचा आणि दुसरा अर्धा लाकडी पेटीत जपून ठेवायचा. सहा बोअर कोरडे गेले होते. सातव्याने मात्र कमाल केली. लॅबच्या म्हणण्याप्रमाणे वरच्या थरापासून पार तळापर्यंत सोनंच सोनं होतं. डायरेक्टरांनी ही बातमी वर्तमानपत्रांना देऊन टाकली.

मग नियमाप्रमाणे पेटीतल्या अर्ध्यातला काही भाग फेरतपासणीसाठी दुसऱ्या लॅबकडे गेला. दुसरा कागद त्यांचा होता. सोनं जवळजवळ नाहीच, असं त्यांनी कळवलं होतं.

एकाच दगडाचे दोन अर्धे. एकात खजिना आणि दुसऱ्यात माती.

"कुणीतरी नमुन्यांच्या पिशव्यांत सोनं पेरलं," डायरेक्टर खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "मी जगाला सांगून बसलोय. पोलिसांत जाण्याआधी एकदा तुम्ही बघा."

वहिनींनी त्यांना आठवण करून दिली, की या कामावरचा मुख्य भूगर्भतज्ज्ञ त्यांचा सख्खा दीर आहे. चौकशी दुसऱ्या कुणाकडे दिलेली बरी.

डायरेक्टर वळले. काही वर्षांपूर्वी वहिनींनी स्वतःच उभं केलेलं एक काम, इथे सोनं नाही असं सांगून बंद करायला लावलं होतं आणि त्यापायी स्वतःचं पद घालवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. अशी बाई दिरालाही सोडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

"शिवाय," ते म्हणाले, "ही बाटली त्याच्याच खणात सापडलीये."

२

वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा दीर शाळेत होता. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत आणि आता केस पिकायला लागले तरी तो धाकटाच राहिला होता. सुट्टीत वहिनींच्या मागे मागे डोंगर पालथे घालताना त्याला दगडांचं वेड लागलं. म्हणजे त्याला या धंद्यात आणलं ते वहिनींनीच.

तो कोअर ठेवायच्या शेडमध्ये एका पेटीवर बसला होता. बाहेर ऊन होतं, तरी त्याने गळ्याशी मफलर गुंडाळला होता. वहिनींना पाहून तो उठला, पण नेहमीसारखा पुढे आला नाही.

बाटलीबद्दल त्याने सरळ उत्तर दिलं. जिथे जिथे काम केलं तिथल्या ओढ्यातली वाळू चाळून सापडलेले कण त्याने हौसेने साठवले होते. ही सवय त्याला वहिनींनीच लावली होती. मग त्यांनी सातव्या बोअरचा कोअर चिरण्याआधी अख्खा असताना कुणी पाहिला, असं विचारलं.

"मीच पाहिला," तो म्हणाला. "प्रत्येक पेटी पाहिली, नोंद करून खाली सही केली, मग चिरायला दिली."

हे बोलताना त्याचा हात मफलरकडे गेला. लहानपणी काचेची बरणी फोडून मांजरावर आळ घातला तेव्हा तो असाच, नजर जमिनीकडे लावून, एका दमात बोलला होता. दगडाबद्दल खोटं बोलायची वेळ त्याच्यावर का यावी?

दुपारी घरून नवऱ्याचा फोन आला. धाकट्याने केलं असेल का, एवढंच त्याने विचारलं. वहिनी म्हणाल्या, अजून माहीत नाही. मग तो म्हणाला, "जे निघेल ते सांग. माझ्यासाठी लपवू नकोस."

त्या बोअर मारणाऱ्या यंत्राकडे गेल्या. यंत्रावरच्या मुख्य माणसाला सगळे उस्ताद म्हणत. ग्रीसने काळे झालेले हात पुसत त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तेवढ्याच शांतपणे सांगितलं, की सातव्याचा कोअर वर येत होता तेव्हा भूगर्भतज्ज्ञ साहेब इथे नव्हतेच.

३

उस्तादला कुणाची चुगली करायची नव्हती. पण आपल्यावर बालंट यायला लागल्यावर गप्प तरी किती बसायचं, असं त्याचं म्हणणं होतं. कोअर त्याच्या हातून बाहेर येतो, त्यामुळे लोक आधी त्याच्याकडेच बोट दाखवणार.

त्या दिवसांत तो यंत्राचा एक सुटा भाग आणायला शहरात गेला होता. तिथे बाजाराच्या रस्त्यावर त्याला साहेब दिसले. हाक मारली तरी त्यांनी ऐकली नाही. मान खाली घालून एका इमारतीत शिरले. उस्ताद थोडा वेळ थांबला, पण साहेब बाहेर आले नाहीत.

"कसली इमारत?" वहिनींनी विचारलं.

उस्तादने सांगायला जरा आढेवेढे घेतले. "खाली सगळी सोनारांची दुकानं आहेत, मॅडम. ओळीने."

वहिनी परत आल्या त्या जड पावलांनी. सगळे धागे एकाच माणसापाशी येत होते. खणात सोन्याची पूड होती, सोनारांच्या दारात चक्कर झाली होती आणि वर पाहिलं नसताना पाहिलं म्हणून सही ठोकली होती. डायरेक्टरांना एवढं सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला असता.

पण वहिनींना एक गोष्ट खुपत होती. माणसं काय बोलली हे त्यांनी ऐकलं होतं. दगडाला मात्र अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

त्यांनी पहिल्या लॅबकडून परत आलेला भरडा मागवला. तपासणीसाठी दगड भरडला की उरलेला भाग लॅब पिशवीत घालून परत पाठवते. तो आणि खणातली बाटली घेऊन त्या सूक्ष्मदर्शकापुढे बसल्या. त्यांनी आधी बाटलीतले कण काचेवर पसरले, मग शेजारी भरड्यातले. डोळा लावला आणि बराच वेळ उचलला नाही.

४

बाटलीतले कण चपटे आणि गुळगुळीत होते. ओढ्याच्या पाण्यात दगडांवर आपटत, घासत आले की सोन्याच्या कडा जातात. भरड्यातले कण अगदी वेगळे होते. दातेरी, टोकदार, आणि बहुतेक कण पांढऱ्या गारगोटीच्या तुकड्यांत घट्ट रुतलेले. हे सोनं कानशीने घासलेल्या दागिन्याचंही नव्हतं. ते ज्या खडकात जन्मलं त्याच खडकात बसलं होतं.

म्हणजे बाटली निर्दोष होती. वहिनींनी खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली. तेवढ्याने मात्र भागत नव्हतं. दुसरीकडची सोनेरी गारगोटी भरडून पिशवीत मिसळता येतेच की. डायरेक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवा.

त्या शेडमध्ये गेल्या आणि सातव्या बोअरची एक पेटी खाली उतरवून घेतली. फेरतपासणीला नेलेला भाग वगळून उरलेले अर्धे तुकडे खाचांमध्ये ओळीने पडून होते. करड्या रंगाचे, कंटाळवाणे दगड. पेटी हलवली तसे ते खडखडले. वहिनींनी शेजारची सहाव्या बोअरची पेटी हलवून पाहिली. तिच्यातले तुकडे हूं की चूं न करता जागच्या जागी बसले होते.

हातांनी चाचपल्यावर कारण कळलं. सहाव्याचे तुकडे बरोबर अर्धे होते. सातव्याचे अर्ध्याहून बारीक होते. चिरलेल्या काकडीची एक फोड जाड आणि दुसरी पातळ निघावी तसे.

एक तुकडा घेऊन त्या दारातल्या उजेडात आल्या. करवतीने कापलेला दगड आरशासारखा सपाट असतो आणि त्यावर पात्याच्या गोल रेघा उमटतात. या तुकड्याचा चेहरा खडबडीत होता, गंजासारखा तांबूस. त्यावर इथे तिथे पांढऱ्या गारगोटीचा पातळ पापुद्रा चिकटला होता. भिंगातून पाहिलं तर पापुद्र्यात एका जागी दातेरी पिवळा कण चमकत होता. भरड्यातल्या कणांचा सख्खा भाऊ.

रेघ मात्र एकही नव्हती. वहिनींनी दुसरा तुकडा पाहिला, मग तिसरा. या कोअरला करवत लागलीच नव्हती.

५

करवतवाला मध्यमवयीन, अबोल माणूस होता. सातव्याचा कोअर नेहमीसारखाच चिरला, असं त्याने आधी डायरेक्टरांना सांगितलं होतं आणि आताही तेच सांगितलं. वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी हातातला तुकडा त्याच्यासमोर धरला आणि घ्यायला सांगितलं. त्याने उजवा हात पुढे केला. डावा खिशातच राहिला.

"दोन्ही हातांनी धर," वहिनी म्हणाल्या. "जड आहे."

तो हलला नाही. मग हळूच त्याने डावा हात बाहेर काढला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत नुकतीच भरलेली जखम होती आणि अंगठा ताठ राहिला होता. पात्यावरचं झाकण पाणी साठतं म्हणून त्यानेच काढून ठेवलं होतं. हात सापडला तेव्हा चूक आपली म्हणून काम जाईल, या भीतीने त्याने कुणाला काही सांगितलं नाही. आणि नेमका तेव्हाच सातव्याचा कोअर आला.

पुढचं तो खाली बसून, तुटक तुटक बोलला. तो कोअर मुळातच उभा तडकलेला होता. हाताने ओढला की दोन भाग होत. देवच पावला असं त्याला वाटलं. करवतीला हात लावायची गरजच उरली नाही. एका भागाला पांढरी गारगोटी असायची, दुसरा नुसता करडा.

"मग लॅबच्या पिशवीत कुठला भाग घातलास?"

"पांढरा," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी. चांगलं तेच तपासायला पाठवावं असं वाटलं, मॅडम. चोरी नाही केली."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. एवढ्याशा गोष्टीपायी एक माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत पोचला होता.

आता उरला धाकटा. त्यांनी त्याला शेडच्या मागच्या बाजूला नेलं आणि सांगितलं, की हा कोअर अख्खा असताना तू पाहिला असतास तर तो उभा तडकलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तू पाहिला नाहीस. सोनारांच्या इमारतीत कशाला गेला होतास तेही मला ठाऊक हवं.

त्याने मफलर सोडला. गळ्याच्या कडेला टाक्याची बारीक रेघ होती.

त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका सर्जनचा दवाखाना होता. गळ्यात गाठ लागली होती. तुकडा काढून तपासायला दिला होता आणि त्या दिवसांत तो शहरात खोली घेऊन एकटाच पडून राहिला होता. बायकोला सांगितलं नाही, भावाला नाही, कुणालाच नाही. परत आला तेव्हा पिशव्या लॅबला गेलेल्या होत्या. डोकं ठिकाणावर नव्हतं. न पाहिलेल्या कोअरखाली त्याने सही केली.

वहिनींनी विचारलं, "आणि रिपोर्ट?"

"साधी गाठ आहे. काही नाही." त्याने मफलर पुन्हा गुंडाळला. "रिपोर्ट आला त्याच दिवशी इथे चोर ठरलो, वहिनी. कुणाला सांगणार होतो?"

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, शाळकरी पोराच्या ठेवावा तसा. मग हात काढून घेतला आणि म्हणाल्या, की सहीचं मी पोटात घालणार नाही. ते डायरेक्टरांना तू स्वतः सांगायचंस.

६

त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. धाकट्याने आपलं सांगितलं, करवतवाल्याने आपलं सांगितलं. डायरेक्टर हाताची घडी घालून ऐकत होते.

मग वहिनींनी पेटीची एक सुटी फळी उचलली. "ही फळी म्हणजे जमिनीतली गारगोटीची शीर समजा. हिच्यात आडवा खिळा ठोकला तर तो बोटभर लाकडातून पलीकडे निघेल. आणि हाच खिळा वरच्या कडेवरून उभा ठोकला तर?"

"जेवढा खिळा तेवढं लाकूड," उस्ताद म्हणाला.

सातवा बोअर तसा गेला होता. शीर बारीक होती, पण बोअर तिच्या बरोबरीने, तिच्याच कडेकडेने खाली उतरला. म्हणून कोअर शिरेच्या कडेने उभा तडकला, म्हणून एका अर्ध्याला गारगोटी चिकटून राहिली आणि दुसऱ्याला नुसता पापुद्रा. पिशवीत बाहेरून काही घातलं असतं तर पेटीतला अर्धा पुरता अर्धा उरला असता. पण लॅबने नोंदवलेल्या वजनाप्रमाणे पेटीत जेवढं कमी होतं तेवढंच पिशवीत जास्त होतं. दोन्ही लॅब खरं बोलत होत्या. सोनं कुणी पेरलेलं नव्हतं. चुकला होता तो सगळ्यांचा अर्थ. जाड खजिना म्हणून जो जाहीर झाला, ती एका पातळ शिरेची लांबी होती.

डायरेक्टरांनी अडवलं. एवढं सोनं आहे तर आधीचे सहा बोअर कोरडे का?

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. रस्ता या बाजूला, म्हणून सगळे बोअर याच बाजूने आणि याच कलाने मारले होते. वरचे दगड उतारावरून घसरून कलंडले आहेत, त्यांच्याकडे पाहून शिरेचा कल उलटा वाटला. खरं तर सगळे बोअर शिरेला समांतर गेले. सहा तिच्या शेजारून निघून गेले, एक चुकून तिच्यावर पडला. सहा कोरडे बोअर म्हणजे लबाडीचा पुरावा असं आपण धरून चाललो होतो. शीर बोअरच्याच कलाने खाली उतरतेय, एवढंच ते सांगत होते.

"ऐकायला पटतं," डायरेक्टर शेवटी म्हणाले. "पण पहिला रिपोर्ट आला तेव्हाही मला सगळं पटलंच होतं. जमिनीत दाखवा."

वहिनी हेच म्हणणार होत्या. त्यांनी कागदावर डोंगराची आडवी रेघ ओढली, पलीकडच्या बाजूला एक ठिपका दिला आणि तिथून शिरेला आडवा जाणारा बोअर आखला. शीर साधारण कुठे लागेल तिथे फुली मारली. कागद डायरेक्टरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, की फुलीपाशी गारगोटी निघाली नाही तर पोलिसांना फोन मी स्वतः करीन.

धाकट्याचा चेहरा उतरला. तो कागद एकदा त्यालाही पाहायचा होता, पण डायरेक्टरांनी तो घडी करून खिशात घातला.

७

यंत्र पलीकडे न्यायला रस्ता करावा लागला. मग बोअर सुरू झाला आणि करडा खडक वर येऊ लागला. आज करडा, उद्या करडा. कोअर भरून वर आलेली प्रत्येक नळी रिकामी होताना सगळे पुढे वाकत आणि पुन्हा सरळ होत. डायरेक्टर खिशातला कागद काढून पाहत आणि काही न बोलता परत ठेवत. करवतवाला करवतीवर नवं झाकण बसवून तिच्यापाशी उभा होता. वहिनींना जेवण जाईना. आयुष्यभर त्यांनी असे बोअर पाहिले होते, पण कुठल्याही बोअरच्या टोकाला घरचा माणूस टांगलेला नव्हता.

फुलीची खोली आली. करडा. फुली मागे पडली. अजून करडा. धाकटा लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला.

पुढच्या नळीत उस्तादने पाणी सोडलं, कोअर घसरत पेटीत आला आणि यंत्रावरची माणसं बोलायची थांबली. करड्यामध्ये वीतभर रुंदीचा शुभ्र पट्टा होता. दोन्ही बाजूंनी करडा खडक, मध्ये गारगोटी, आणि तिचा छेद आडवा. वहिनी गुडघ्यांवर बसल्या. भिंग काढायची गरज नव्हती. ओल्या गारगोटीत पिवळे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

उस्तादने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "सापडली," तो म्हणाला.

या वेळी कोअर धाकट्याने अख्खा पाहिला, सगळ्यांसमोर, आणि कुठे चिरायचा ती रेघ वहिनींनी ओढली, कोअरच्या लांबीने, पट्ट्याच्या बरोबर मधून. एक अर्धा एका लॅबला गेला, दुसरा दुसरीला. दोन्ही रिपोर्ट आले तेव्हा डायरेक्टरांनी ते पुन्हा शेजारीशेजारी ठेवले. आकडे सख्ख्या बहिणींसारखे होते. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. वर्तमानपत्रांना आता दुसरी बातमी द्यायची होती. सोनं आहे, पण आधी सांगितलं त्या मानाने फार थोडं, आणि आधीचं आमचं चुकलं होतं. लोक हसतील, बाजारात नाव खाली येईल. ते म्हणाले, चालेल. कित्येक दिवसांनी आज पाठ टेकून झोपेन.

धाकट्याची जागा राहिली, पण यापुढे त्याच्या सहीखाली आणखी एकाची सही लागणार होती. त्याला ते लागलं, आणि त्याने ते मान्य केलं. करवतवाल्याला डायरेक्टरांनी आधी डॉक्टरकडे पाठवलं, मग कामावर.

वहिनींनी घरी फोन लावला आणि एका वाक्यात सांगून टाकलं, की धाकट्याने काही केलेलं नाही. नवऱ्याचा जीव भांड्यात पडल्याचं त्यांना त्याच्या श्वासावरूनच कळलं. मग त्याने विचारलं, तू जेवलीस का? वहिनींना हसू आलं. त्या म्हणाल्या, आता जेवीन.

मग त्यांनी फोन धाकट्याच्या हातात दिला. "आता बायकोला गाठीचं सांग. सगळं. मी इथेच उभी आहे."

त्याने नंबर लावला आणि सांगितलं. त्यानंतर त्याला बोलायची संधीच मिळाली नाही. पलीकडून आधी रडणं आणि मग रागावणं असं काही सुरू झालं, की त्याला फोन कानापासून दूर धरावा लागला. तो वहिनींकडे केविलवाणा बघत होता, आणि त्याच वेळी हसतही होता. उस्तादने यंत्र सुरू केलं. आवाजात ऐकू येईना म्हणून धाकटा शेडच्या मागे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. वहिनींनी त्याची वाट न पाहता पुढची पेटी ओढून घेतली.